जागतिकीकरणावर वाद घालायचाय? मग आधी सोयाबीनचा हिशोब मांडा

दसरा-दिवाळीला सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, यायला लागलं की आमच्या मराठवाड्यात हॉटेलात, पारावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच भांडण सुरू होतं, एकीकडं तात्या म्हणणार ह्या जागतिकीकरणानं शेतकरी मारला, दुसरीकडं पुण्यात आयटीत असलेला पुतण्या म्हणणार तात्या ते नसतं तर तुमच्या हातात हा मोबाईल नसता. चहाचे चार राऊंड होतात, आवाज चढतो आणि शेवटी दोघं बी जिथं होते तिथंच. कारण एक जण भावावर बोलतोय अन दुसरा नोकरीवर. तर हा वाद नीट कसा घालायचा ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे "जागतिकीकरण" हा शब्द बाजूला ठेवा आणि एक वस्तू धरा. सोयाबीन, कापूस, तूर, कांदा, संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतली बजाजची मोटरसायकल, काय बी चालंल पण एकच. वस्तू हातात नसली की माणूस जागतिक व्यापार कराराच्या डंकेल मसुद्यापासून अंबानीपर्यंत सगळीकडं फिरून येतो अन मुद्दा तिथंच राहतो.

मग त्या वस्तूचा विकणारा कोण, घेणारा कोण आणि त्यावर मजुरी करणारा कोण हे ठरवा. इथं बरेच जण फसतात. खाद्यतेल घ्या, देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. तेल स्वस्तात आलं तर सोयाबीनवाला ओरडणार, बरोबर आहे. पण बीडहून ऊसतोडीला जाणारं कुटुंब सोयाबीन विकत नाही, ते फक्त तेल घेतं, त्याला स्वस्त तेल पाहिजे. आणि सोयाबीनवाला स्वतः बी दुकानातून पिशवीच आणतो. म्हणून कोणी "शेतकऱ्याचं नुकसान" म्हणला की विचारायचं, कोणत्या शेतकऱ्याचं, किती एकरवाल्या, अन त्याच्या घरातलं कोण वाळूजला कंपनीत आहे का. कारण वाळूजहून गाड्या आफ्रिकेत जातात, 2023 ला नायजेरियाचं चलन पडलं तेव्हा बजाजची निर्यात घसरली होती. एकाच घरातला बाप आयातीनं वैतागलेला आणि पोरगा निर्यातीवर जगणारा, असं आपल्याकडं सर्रास आहे राव.

आता दोन्ही बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा माहीत पाहिजे, फालतू नाही. आपल्याकडं ह्यासाठी लांब जायची गरज नाही. शरद जोशी, ज्यांची शेतकरी संघटना मराठवाड्यात गावोगाव होती, ते डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याला लुटतं ते सरकारच, निर्यातबंदी लावून अन भाव पाडून, त्याला सबसिडी नाही तर उणे सबसिडी मिळते, म्हणजे खुल्या बाजारात मिळाला असता त्याहून कमी भाव, म्हणून बाजार खुला करा. त्याच काळात शेजारच्या कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघ ही शेतकऱ्यांची संघटना डंकेलच्या विरोधात रस्त्यावर होती, 1992 ला बंगळुरात कारगिल ह्या अमेरिकन बियाणं-धान्य कंपनीच्या ऑफिसवर त्यांचे कार्यकर्ते घुसले, कारण त्यांना भीती होती की बियाणं अन बाजार दोन्ही परदेशी कंपन्यांच्या हातात जाईल. बघा, दोघं बी शेतकऱ्यांचेच नेते. म्हणून "शेतकऱ्याच्या बाजूचा माणूस जागतिकीकरणाच्या विरोधातच असणार" हे डोक्यातून काढा. अर्थशास्त्रज्ञांचं बी तसंच आहे, जगदीश भगवती खुल्या व्यापाराच्या बाजूनं आयुष्यभर लिहीत आले, तर जोसेफ स्टिग्लिट्झ म्हणतात व्यापार वाईट नाही पण त्याचे नियम श्रीमंत देशांनी आपल्या सोयीनं लिहिले. दोघांचं बी ऐकून घ्या.

आता खरा भाग, हिशोब. हा कागदावर करा.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते, ज्याला मोंढ्यात डीओसी म्हणतात. समजा तेल 120 रुपये किलो आणि पेंड 30 रुपये किलो आहे. तेलाचे झाले 2160, पेंडीचे 2400, एकूण 4560. ह्यातून प्लांटवाल्याचा खर्च, गाडीभाडं, त्याचा नफा, आडत वजा करा, उरलं ते तुमच्या विक्रीच्या पट्टीवर. आता तेल किलोला 5 रुपयांनी वाढलं तर क्विंटलमागं 90 रुपये वाढतात. पेंड 5 रुपयांनी वाढली तर 400. म्हणजे सोयाबीनचा भाव पेंडीवर जास्त हलतो, आणि आपण सगळे तेलाच्या आयात ड्युटीवर भांडत बसतो!

हे 2024 ला उघड दिसलं. सप्टेंबरमध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केली, सगळ्यांना वाटलं आता सोयाबीन उसळणार. हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता अन मोंढ्यात माल त्याच्या बराच खाली विकला गेला. का? तर जगात पेंड स्वस्त झालेली, आणि देशात इथेनॉलच्या प्लांटमधून मका-तांदळाचा उरलेला चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला. त्यानं पेंडीची मागणी खाल्ली. आता ह्यातलं पहिलं कारण परदेशातलं आणि दुसरं पक्कं देशी, सरकारच्या इथेनॉल धोरणातलं. सगळं खापर अर्जेंटिनावर फोडलं की हे दुसरं दिसतच नाही.

म्हणून पुढची सवय, दोषाची वाटणी करा. व्हिडिओकॉनचं उदाहरण आमच्या संभाजीनगरला कायम निघतं, चितेगावची ही टीव्ही कंपनी कोरियन टीव्हीनं मारली म्हणतात. कोरियन टीव्हीनं मार्केट खाल्लं हे खरंच आहे, पण टेलिकॉममध्ये उतरणं, 2012 ला सुप्रीम कोर्टानं टेलिकॉमची 122 लायसन रद्द केली त्यात त्यांची बी जाणं, तेल-गॅसमधला पैसा, डोंगराएवढं कर्ज, हे सगळं कोरियानं केलं नाही. कपाशीचं उलट बाजूनं बघा. बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं बियाणं, त्याचं तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटोचं, पण आलं ते जालन्याच्या महिको ह्या बियाणं कंपनीसोबतच्या भागीदारीतून, 2002 ला परवानगी मिळाली. सुरुवातीला अळीची फवारणी कमी झाली, हे शेतकऱ्यांनी स्वतः पाहिलं म्हणून तर सगळ्यांनी तेच लावलं. मग 2017 ला गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यात बोंडं पोखरली. फायदा बी त्याच बियाण्याचा अन फसगत बी त्याचीच, फक्त वर्षं वेगळी, त्यामुळं कोणत्या वर्षाबद्दल बोलताय ते आधी विचारा.

वर्षावरून आठवलं, तारखा पाहणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक हेच करत नाहीत. मोबाईलवर ड्युटीच्या बातम्यांची यादी करा अन शेजारी पेरणी-काढणीचा महिना लिहा. ऑगस्ट 2021, सोयाबीन क्विंटलला 10 हजारांवर गेलेलं, केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवीन माल यायच्या तोंडावर. ऑगस्ट 2025, अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला, तिकडं कपडा निर्यात करणारे अडचणीत, तर इथं कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी माफ, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत अन मग डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी वेचणीच्या दिवसांत. डिसेंबर 2023, कांद्याची निर्यातच बंद, ती उठली पार मे 2024 ला. तूर मोझांबिक-म्यानमारमधून ड्युटी न लावता येत राहिली. यादी पूर्ण झाली की दिसतं ते असं की भाव वाढला तर माल आत यायला दार उघडतं, अन बाहेर जायचं असलं की तेच दार बंद. ह्याला खुला बाजार म्हणायचं का? जोशींचे लोक म्हणतील नाही, म्हणूनच आम्ही ओरडत होतो. विरोधातले म्हणतील खुल्या बाजारात असंच होतं, ताकद असते त्याचं चालतं. मला स्वतःला पहिल्यांचं जास्त पटतं, पण पूर्ण नाही.

पूर्ण का नाही, तर दुसऱ्या देशांचं दार बी सरळ नसतं. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्याला इतकी सबसिडी देत होती की ब्राझीलनं 2002 ला जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओत) केस टाकली, जिंकली, अन तरी मिटायला 2014 उजाडलं, ते बी अमेरिकेनं 30 कोटी डॉलर देऊन. ब्राझीलसारख्या मोठ्या देशाला एवढी वर्षं लागली. म्हणून कोणी "मार्केटला मोकळं सोडा, सगळं ठीक होईल" म्हणला की ही केस काढायची. आणि कोणी "91 च्या आधी सगळं चांगलं होतं" म्हणला तर त्याला चेतक स्कूटरचा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी माणसं आठवून द्यायची, आणि हे बी की 91 ला देशाकडं जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं, सोनं गहाण पडलं होतं. दार तेव्हा हौसेनं उघडलेलं नाही.

आत्महत्यांचा विषय निघाला तर आवाज खाली आणा. एकाच कारणावर बोट ठेवू नका, ना बीटीवर ना डब्ल्यूटीओवर ना दारूवर. आपल्याकडं बहुतेक शेती पावसावर, त्यात सावकाराचं कर्ज अन भावाचा भरवसा नाही, हे एकावर एक चढतं. कोणाच्या घरचं दुःख वादात पॉइंट म्हणून वापरायचं नाही, बस.

शेवटी समोरचा विचारतोच, मग करायचं काय. माझं उत्तर ठरलेलं आहे, ड्युटी किती असावी ह्यावर नंतर भांडू, आधी ती मे महिन्यात जाहीर करा आणि माल विकून होईपर्यंत तिला हात लावू नका, म्हणजे माणूस जूनमध्ये बियाण्याची बॅग फोडताना सोयाबीन लावायचं का तूर ते तरी ठरवू शकेल. ह्यावर हुशार माणूस म्हणेल की दिवाळीत तेल 200 रुपये झालं तर सरकार तसंच बसून राहील का, ऊसतोडवाल्यानं काय करायचं. प्रश्न अगदी बरोबर आहे. रेशनवर तेल द्या म्हणावं तर पैसा कुठून येणार, सोयाबीनवर हमीभाव अन बाजारभावातल्या फरकाची रक्कम द्या म्हणावं तर ती किती अन कोणाला, इथून पुढं वादाला खरी मजा येते, चहा परत सांगा.