स्टेटचा पुढचा ॲटर्नी जनरल निवडायचा कसा आणि त्याचं ऑफिस सुधारून घ्यायचं कसं

अमेरिकेत मतदान करणाऱ्या आपल्या लोकांशी बोललं की प्रेसिडेंट, गव्हर्नर, फार तर स्कूल बोर्ड एवढ्यावर भरभरून चर्चा होते, पण बॅलटवर गव्हर्नरच्या खाली काही ओळींवर ॲटर्नी जनरलचं, म्हणजे स्टेटच्या मुख्य सरकारी वकिलाचं (थोडक्यात एजी) नाव असतं तिथे बहुतेक जण पार्टी बघून खूण करतात नाहीतर ती ओळ कोरीच सोडतात. मला हे फार खटकतं, कारण फसवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचणं, नर्सिंग होममधल्या, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या केंद्रांमधल्या छळाची चौकशी, तुमच्या स्टेटने केलेले कायदे कोर्टात टिकवणं, हे सगळं याच ऑफिसातून होतं. आणि त्या खुर्चीवर चुकीचा माणूस बसला की वर्षानुवर्षं त्याची किंमत टॅक्स भरणाराच मोजतो.

पहिलं म्हणजे तुमच्या स्टेटमध्ये ही निवड होते कशी ते बघा. ४३ स्टेट्समध्ये लोक थेट मत देतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर नेमतो, मेन या स्टेटमध्ये लेजिस्लेचर (विधिमंडळ) निवडतं आणि टेनेसीत चक्क स्टेटचं सुप्रीम कोर्ट आठ वर्षांसाठी नेमतं. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्यांना एजीसाठी बॅलटच नाही, त्यांनी गव्हर्नरच्या उमेदवाराला विचारायचं की तुम्ही कसा माणूस आणणार, आणि नाव जाहीर झालं की आपल्या स्टेट सिनेटरला गाठायचं कारण त्या नावाला मंजुरी देणं स्टेट सिनेटच्या हातात असतं. आपल्याकडच्या राज्याच्या महाधिवक्त्यासारखंच हे पद असेल असं समजू नका, तो राज्यपालांनी नेमलेला सरकारी वकील, इथे ४३ ठिकाणी हा स्वतःच्या मतांवर आलेला, गव्हर्नरला नाही म्हणू शकणारा माणूस असतो.

दुसरं, खरी लढत कधी होते ते ओळखा. एका पार्टीचा पगडा असलेल्या स्टेटमध्ये नोव्हेंबर उजाडेपर्यंत सगळं ठरलेलं असतं, निर्णय प्रायमरीतच, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानातच होतो. टेक्सासमध्ये प्रायमरी मार्चमध्ये असते, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर मे महिन्यात पहिल्या दोघांमध्ये रनऑफ, म्हणजे पुन्हा मतदान, आणि रनऑफला लोक फारसे फिरकतच नाहीत त्यामुळे तिथे तुमच्या मताचं वजन कितीतरी जास्त. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे प्रायमरी क्लोज्ड आहे, पार्टीत नाव रजिस्टर नसेल तर मत देता येत नाही, ते आधीच करून ठेवा. मिशिगन आणि इंडियानात तर एजीचा उमेदवार प्रायमरीत ठरतच नाही, पार्टीच्या कन्व्हेन्शनमध्ये (अधिवेशनात) डेलिगेट, म्हणजे पार्टीचे प्रतिनिधी ठरवतात, तिथे आवाज हवा असेल तर डेलिगेट व्हावं लागतं.

आता उमेदवार. जाहिरातीत जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो मी गुन्हेगारांना तुरुंगात टाकीन, तर आधी विचारा की तो अधिकार तुम्हाला आहे का? बहुतेक स्टेट्समध्ये खून, चोरी, मारामारीच्या केसेस काउंटीचा (जिल्ह्याचा) डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे डीए चालवतो, एजीकडे अपील्स, काही ठराविक गुन्हे आणि डीएने मदत मागितली तर ती. टेक्सासच्या सर्वोच्च क्रिमिनल कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये सरळ सांगितलं की लोकल प्रॉसिक्युटरला बाजूला सारून एजी स्वतःहून इलेक्शनच्या गुन्ह्यांचे खटले चालवू शकत नाही. उलट डेलावेअर आणि ऱ्होड आयलंडमध्ये डिस्ट्रिक्ट ॲटर्नी हा प्रकारच नाही, तिथे हे खटले एजीचंच ऑफिस चालवतं, त्यामुळे तिथे ट्रायलचा अनुभव नसलेला उमेदवार मला चालणार नाही. जो उमेदवार स्वतःच्या पदाचे अधिकारच धड सांगत नाही तो नंतर दुसऱ्या कुठल्या पदाकडे डोळे लावून बसलेला असण्याची शक्यता जास्त. एजी होऊन पुढे जाण्यात गैर काही नाही, बिल क्लिंटन, कमला हॅरिस, जॉश शपिरो सगळे या खुर्चीतून गेलेत, पण मधल्या काळात ऑफिस चालवलं का हा प्रश्न विचारायचाच.

कारण हे ऑफिस म्हणजे शेकडो वकिलांची एक मोठी लॉ फर्म आहे आणि तिचा क्लायंट अख्खं स्टेट. म्हणून मी उमेदवारात सगळ्यात आधी बघते ते हे की याने किंवा हिने कधी वकिलांची टीम सांभाळली आहे का, किती लोकांची, आणि ते लोक टिकले का. टीव्हीवर कोण छान बोलतं हे त्यानंतर. टाउन हॉलमध्ये माइक हातात आला तर विचारा की तुमचा सॉलिसिटर जनरल, म्हणजे अपिलाच्या केसेस बघणारा मुख्य वकील, कोण असेल, निदान कुठल्या प्रकारचा माणूस शोधाल, पहिल्या दिवशी कुठल्या डिव्हिजनचा रिपोर्ट मागवाल. ऑफिस माहीत असलेला माणूस लगेच चाइल्ड सपोर्ट, कन्झ्युमर प्रोटेक्शन, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) फ्रॉड अशी नावं घेऊन बोलायला लागतो, बाकीचे वॉशिंग्टनवर घसरतात.

वरिष्ठ वकील निघून गेले की काय होतं याचं उदाहरण टेक्सासमध्येच आहे. २०२० मध्ये तिथले तेव्हाचे एजी केन पॅक्स्टन यांच्या स्वतःच्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यांची तक्रार एफबीआयकडे केली, त्यातल्या काहींना काढलं गेलं, काहींनी राजीनामे दिले, प्रकरण कोर्टात गेलं. पॅक्स्टन यांनी आरोप नाकारले, मे २०२३ मध्ये स्टेटच्या हाउसने इम्पीच केलं, म्हणजे महाभियोग लावला, आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने त्यांना निर्दोष सोडलं, पण २०२५ मध्ये जजने त्या माजी कर्मचाऱ्यांना ६६ लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. कोण बरोबर यावर लोक अजून भांडतात, माझं म्हणणं एवढंच की एका झटक्यात ऑफिसचा वरचा थर रिकामा होणं कुठल्याच स्टेटला परवडत नाही. आणि हा एकाच पार्टीचा रोग नाही, पेनसिल्व्हेनियाच्या डेमोक्रॅट एजी कॅथलीन केन २०१६ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरल्या आणि पद सोडावं लागलं.

उमेदवार आधीच एजी असेल किंवा त्या ऑफिसात काम केलेला असेल तर एक सोपी तपासणी घरबसल्या होते. प्रेस नोटमध्ये लिहिलेलं असतं की आम्ही इतर स्टेट्ससोबत अमुक कंपनीवर केस केली. त्या केसचा मूळ कम्प्लेंट, म्हणजे कोर्टात दाखल केलेला दावा, कोर्टाच्या किंवा एजीच्या साइटवर पीडीएफमध्ये सापडतो, तो उघडून सरळ शेवटच्या पानांवर जा. तिथे प्रत्येक स्टेटच्या सह्यांचे चौकोन असतात, आधी एजीचं नाव, खाली केस खरोखर चालवणाऱ्या वकिलांची नावं. पुढाकार घेतलेल्या स्टेट्सची नावं साधारणपणे सुरुवातीला येतात आणि त्यांच्या चौकोनात तीन-चार वकील असतात, नुसत्या सामील झालेल्या स्टेटच्या चौकोनात बऱ्याचदा एकच नाव. सामील होणं वाईट नाही, छोट्या स्टेटला तेच परवडतं, पण प्रचारात मी अमक्या कंपनीला झुकवलं म्हणणाऱ्याचं नाव तिसाव्या चौकोनात असेल तर तुम्हाला कळायला हवं.

तसंच त्याने दिलेली ऑफिशियल ओपिनियन्स वाचा, बहुतेक एजींच्या साइटवर वर्षानुसार लावलेली असतात. लेजिस्लेटर किंवा सरकारी खाती प्रश्न विचारतात, एजी कायद्याचा अर्थ सांगतो. स्वतःच्या पार्टीला अडचणीचं ठरेल असं एक तरी ओपिनियन सापडतं का बघा, माझ्या मते स्वतंत्र बाण्याची याहून चांगली परीक्षा नाही. आणि न पटलेला कायदा कोर्टात डिफेंड करणार का हेही थेट विचारा. कॅथलीन केन यांनीच २०१३ मध्ये समलिंगी विवाहबंदीचा कायदा डिफेंड करायला नकार दिला होता, निर्णय तुम्हाला पटो न पटो, नियम काय हे उमेदवाराने मतदानाआधी सांगायला हवं, नकार कधी देणार आणि तेव्हा स्टेटसाठी वकील कोण उभा करणार.

पैशाचा माग काढायचा तर उमेदवाराला थेट मिळालेली देणगी स्टेटच्या इलेक्शन बोर्डाकडे किंवा एथिक्स कमिशनकडे दिसते, पण तेवढ्यावर थांबू नका. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एजींच्या देशपातळीवर वेगवेगळ्या संघटना आहेत, आणि ज्या कंपन्यांवर एजी कारवाई करू शकतात त्याच कंपन्या या संघटनांना पैसे देतात, त्यांचे हिशेब आयआरएसकडे जाहीर असतात. दोन्ही याद्या समोर ठेवून बघा.

आता ऑफिस सुधारण्याचं. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेटलमेंटचा, म्हणजे कंपनीने केस तडजोडीत मिटवताना दिलेला पैसा. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांशी ४६ स्टेट्सचा करार झाला, पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर, पण तो पैसा कशावर खर्च करायचा याची अटच घातली नव्हती, त्यामुळे कित्येक स्टेट्सनी तो बजेटमधली भोकं बुजवायला वापरला आणि सिगारेट सोडवण्याच्या कामाला फार थोडा हिस्सा आला. त्यातून शिकून ओपिऑइडच्या (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या) वेळी औषधांचे तीन मोठे डिस्ट्रिब्युटर आणि जॉन्सन अँड जॉन्सनसोबतच्या २६ अब्ज डॉलरच्या करारात मोठा हिस्सा व्यसनाच्या उपचारांवर आणि प्रतिबंधावर खर्च व्हायलाच हवा अशी अट घातली. म्हणजे करार लिहितानाच हे करता येतं. तर तुमच्या एजीकडून लेखी मागा, की प्रत्येक सेटलमेंटमध्ये किती पैसा आला, कुठल्या खात्यात गेला, ग्राहकांच्या हातात किती पडला, हे एकाच पानावर दरवर्षी छापायचं. जाहीर झालेला आकडा आणि लोकांपर्यंत पोचलेला आकडा यात केवढं अंतर असतं ते मग सगळ्यांनाच दिसेल.

दुसरी दुरुस्ती बाहेरच्या वकिलांची. मोठ्या केसेससाठी एजी प्रायव्हेट फर्म लावतात आणि फी म्हणून वसुलीतला टक्का देतात, त्यात गैर नाही कारण ऑफिसकडे तेवढी माणसं नसतात, पण कुणाला लावलं, का लावलं, किती टक्के, हे उघड नसेल तर वशिल्याला रान मोकळं. टेक्सासचे माजी एजी डॅन मोरालेस तंबाखू केसच्या फीवरूनच अडकले आणि २००३ मध्ये गुन्हा कबूल करून तुरुंगात गेले. फ्लोरिडाने २०१० मध्ये कायदाच केला, पहिल्या १ कोटी डॉलरवर जास्तीत जास्त २५ टक्के, मग रक्कम वाढेल तसा टक्का खाली, आणि एकूण फी ५ कोटी डॉलरच्या वर नाही, शिवाय करार वेबसाइटवर टाकायचा. तुमच्या स्टेटमध्ये असा कायदा नसेल तर उमेदवाराला म्हणा, कायद्याची वाट बघू नका, ऑफिसची पॉलिसी म्हणून पहिल्या महिन्यात लावा.

तिसरी, तक्रारींचं टेबल. कॉन्ट्रॅक्टरने पैसे घेऊन काम सोडलं, इमिग्रेशनच्या नावाखाली कुणी फसवलं, की लोक एजीच्या साइटवर फॉर्म भरतात आणि समजतात आता आपला वकील मिळाला. तसं नसतं, एजी तुमचा खासगी वकील नाही, ऑफिस साधारणपणे ती तक्रार कंपनीला पाठवून उत्तर मागतं, आणि एकाच कंपनीच्या भरपूर तक्रारी साचल्या की चौकशी सुरू होऊ शकते. म्हणूनच तक्रारी नीट नोंदवणारी, फोन उचलणारी, दुभाषा देणारी माणसं लागतात, आणि बजेट कापायची वेळ आली की नेमकी याच लोकांवर कात्री येते, याचा मला खरंच राग आहे. किती तक्रारी आल्या, किती दिवसांत पहिलं उत्तर गेलं, कुठल्या कंपन्या पुन्हा पुन्हा येतात, ही माहिती दर तीन महिन्यांनी जाहीर करायला सांगा. मेडिकेड फ्रॉड युनिटचं तर आणखी सोपं, त्याचा ७५ टक्के खर्च फेडरल सरकार उचलतं, स्टेटला फक्त २५ टक्के, म्हणजे नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांच्या छळाची चौकशी करणारी माणसं कमी ठेवण्याला पैसे नाहीत हे कारण चालू देऊ नका.

नवा एजी बहुतेक ठिकाणी जानेवारीत शपथ घेतो आणि साधारण त्याच सुमारास लेजिस्लेचरमध्ये बजेटच्या हिअरिंग सुरू होतात, तीच तुमची वेळ. ॲप्रोप्रिएशन्स कमिटीत, म्हणजे बजेट तपासणाऱ्या कमिटीत कोण आहे ते शोधा आणि तुमच्या डिस्ट्रिक्टचा मेंबर असेल तर त्याच्या ऑफिसला आठवडाभर आधी दोन-तीन नेमके प्रश्न लिहून पाठवा, वकिलांच्या किती जागा रिकाम्या आहेत, बाहेरच्या फर्मना गेल्या वर्षी किती दिले, तक्रारींना पहिलं उत्तर जायला किती दिवस लागतात. तुमच्या ईमेलला एजीचं ऑफिस ठरावीक मजकूर पाठवून मोकळं होऊ शकतं, पण बजेट मंजूर करणाऱ्या मेंबरने कॅमेऱ्यासमोर तोच प्रश्न विचारला की आकडा द्यावा लागतो.