लकव्यानंतरचं स्टॅटिन: चिठ्ठीवर वेगळी ओळ

आमच्या वारणाकाठी ‘स्ट्रोक’ कुणी म्हणत नाही, ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. एका गुऱ्हाळवाल्या काकांच्या अंगावरून असंच वारं गेलं. झटका किरकोळ होता. शहरातल्या दवाखान्यात चार दिवस राहून, आपल्या हातानं भाकरी मोडत परत आले. चिठ्ठीवर एकच कॅप्सूल होती: रक्ताची गाठ होऊ न देणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन, तिन्ही एकात. २१ दिवसांनी क्लोपिडोग्रेल थांबवायचं होतं, म्हणून कुणीतरी सांगितलं, ‘ही कॅप्सूल बंद, आता नुसती ॲस्पिरिन.’ कॅप्सूल बंद झाली आणि तिच्याबरोबर स्टॅटिनही गेलं. आठ महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यात बोलणं गेलं. त्या दिवशी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं.

मधल्या काळात काका बीपीसाठी दोनदा माझ्यासमोर बसले होते. चिठ्ठी माझ्या हातात होती. त्यात काय लिहिलंय ते मी वाचलं, काय राहिलंय ते नाही. तेव्हापासून आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात हे सगळं सांगते. आता लिहूनच ठेवते.

पहिली गोष्ट, झटका कुठला ते ठरवा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे झालेला लकवा आहे, वय पन्नास-साठ, जोडीला बीपी, साखर, तंबाखू: इथं स्टॅटिन लागतंच. पण तिशीतली बाई, लहानपणी सांधे सुजायचे, आता हृदयाची झडप आकसलेली आणि ठोके अनियमित, तिची रक्ताची गाठ हृदयातून आली आहे. तिला रक्त पातळ करणारं योग्य औषध आधी. स्टॅटिन द्यायचं की नाही हे तिच्या बाकीच्या जोखमीवर ठरेल. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन आलेल्या मुलीला तर स्टॅटिन ‘लकव्याच्या गोळ्यांचा सेट’ म्हणून लिहू नका. दर वर्षी एखादी अशी चिठ्ठी दिसतेच.

ॲडमिट होतानाच लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पाठवा. त्याबरोबर यकृतासाठी एसजीपीटी, किडनीसाठी क्रिएटिनिन, साखरेसाठी एचबीए१सी आणि थायरॉइडसाठी टीएसएच. टीएसएच कशाला, ते पुढे येईल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर गणितानं काढलेलं एलडीएल धरू नका, थेट मोजायला सांगा. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलंय म्हणून मात्र थांबू नका. लॅबची रेघ निरोगी माणसासाठी असते, आपल्या माणसाला झटका येऊन गेलाय.

पेशंट आधीपासून स्टॅटिनवर असेल तर ॲडमिट झाल्यावर ते तुटू देऊ नका. गिळता येतं का ते आधी पाहा. नाक-नळी असेल तर ॲटोरव्हास्टॅटिनची साधी गोळी कुटून पाण्यातून देता येते. तीन औषधांची कॅप्सूल फोडून नळीत घातलीत तर दाणे अडकतात आणि रात्री दोनला सिस्टर तुम्हालाच उठवतात.

आता डोस. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पार्कल चाचणीत ४,७३१ जणांपैकी निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम दिलं होतं, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. सुमारे पाच वर्षांत पुन्हा लकवा आला तो ११.२ विरुद्ध १३.१ टक्के लोकांना. म्हणजे शंभरातल्या दोघांचा वाचला. ऐकायला कमी वाटतं, पण हृदयाचे झटकेही घटले. पुढे फ्रान्स आणि दक्षिण कोरियात २,८६० पेशंटवर दुसरी चाचणी झाली. एलडीएल ७० च्या खाली ठेवलेल्यांत लकवा, हार्ट अटॅक असे मोठे प्रसंग ८.५ टक्के, ९० ते ११० मध्ये ठेवलेल्यांत १०.९. म्हणून रक्तवाहिन्यांत चरबीचे थर दिसत असतील तर माझं लक्ष्य ७० च्या खाली. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये अतिजोखमीच्या पेशंटसाठी ५५ सांगितलंय. मानेच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा, शिवाय शुगर आणि आधीचा हार्ट अटॅक असेल, तर मीही तिथवर जाते.

ॲटोरव्हास्टॅटिनची सुरुवात मी स्वतः बहुधा ४० मिलिग्रॅमनं करते. ८० तरुण, धडधाकट आणि मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा असलेल्या पेशंटला. ४२ किलोच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला ८० लिहून सहा आठवड्यांनी तिनं गोळी फेकून दिली, यापेक्षा तिनं २० किंवा ४० रोज घेतलेली मला परवडते. काहींना हे भित्रेपणाचं वाटेल, वाटू दे. रोसुव्हास्टॅटिन द्यायचं असेल तर लक्षात ठेवा, आशियाई माणसांच्या रक्तात त्याची पातळी जास्त चढते, आणि किडनी फार कमजोर असेल तर १० च्या वर जायचं नाही.

हा हिशोब मी काकांच्याच आकड्यावर करून दाखवते. एलडीएल १४८. ॲटोरव्हास्टॅटिन ४० नं जवळपास निम्मं होतं, म्हणजे ७५ च्या आसपास. डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या साधारण सहाच टक्के आणखी उतरतात, म्हणजे ६६-६७. त्याऐवजी ४० तेच ठेवून इझेटिमाइब १० जोडलं, तर ७५ मधला पाचवा भाग जातो आणि आपण ६० वर येतो. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन आवरतं, इझेटिमाइब आतड्यातून होणारं शोषण. दोन वेगळ्या दारांना कुलपं.

चिठ्ठी लिहिताना ॲस्पिरिनची एक ओळ, क्लोपिडोग्रेलची एक, तिच्यापुढे बंद करायची तारीख. तिसरी ओळ ॲटोरव्हास्टॅटिन, तिच्यापुढे मराठीत ‘कायम चालू. रिपोर्ट चांगला आला तरी बंद करू नये.’ एक कॅप्सूल स्वस्त, सोपी, विसरायला होत नाही, हे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह सांगतात ते खोटं नाही. पण ज्या औषधांच्या मुदती वेगळ्या, ती एका वेष्टनात घालू नयेत. शिवाय त्या कॅप्सूलमध्ये ॲटोरव्हास्टॅटिन पुष्कळदा १०च असतं आणि ते कुणी पाहत नाही. खर्चाचं म्हणाल तर जनऔषधी केंद्रात सुटी गोळी मिळते. गोळी रात्रीच घ्यायला हवी असंही नाही. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन सकाळच्या चहानंतरही चालतं. बीपीच्या गोळीशेजारी ठेवायला सांगते, म्हणजे चुकत नाही.

सहा आठवड्यांनी बोलवा. चार ते बारा आठवड्यांत कधीही चालेल, पण आमच्याकडे ‘दोन महिन्यांनी’ म्हटलं की ऊसतोड संपल्यावर येतात. लिपिड आणि एसजीपीटी पुन्हा करा. एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट होईपर्यंत घाबरू नका, मात्र कावीळ दिसली किंवा त्रास होत असला तर आकड्याची वाट पाहू नका. एलडीएल जिथल्या तिथं असेल तर डोस वाढवण्याआधी रिकामी पाकिटं मागा. दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर तिथंच मिळतं. मग आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा निघतो, फोनवर फिरत आलेला, ‘ब्लॉकेज उघडणारा’. मी काढ्याशी भांडत नाही. प्या म्हणते, गोळीच्या जागी नको.

पाय दुखतात ही तक्रार येणारच. तिला उडवून लावू नका आणि लगेच गोळीही बंद करू नका. २०२० च्या सॅमसन चाचणीत स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना आलटून-पालटून खरी गोळी, खोटी गोळी आणि रिकामी डबी दिली. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीनंही झाला. पण हे पेशंटच्या तोंडावर सांगू नका, त्याला आपण खोटारडे ठरलो असं वाटतं. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे दुखतात की एकच गुडघा, हे विचारा. सीपीके करा, स्नायूंना इजा झाली की ते रक्तात वाढतं. टीएसएच बघा. एक मावशी पोटऱ्या धरून आल्या, तीन डॉक्टरांनी तीन स्टॅटिनं बदलली होती, आणि टीएसएच निघालं ३८. थायरॉइड कमी असलं की कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्नायूही दुखतात. थायरॉइडची गोळी सुरू केली, तीन महिन्यांनी तेच ॲटोरव्हास्टॅटिन निमूट चाललं.

खरी भीती दुसऱ्याच औषधांची, जी रक्तातली स्टॅटिनची पातळी चढवतात. आमच्याकडे गजकर्ण घराघरांत आहे आणि त्यावरचं इट्राकोनाझोल मेडिकलवर मागितलं की मिळतं. ॲटोरव्हास्टॅटिन ८० वरचा एक ट्रॅक्टरवाला महिनाभर ते घेत होता. आला तो जिन्याच्या कठड्याला धरून, लघवी काळ्या चहासारखी. सीपीके नॉर्मलच्या दहापटीच्या कितीतरी पुढे. स्टॅटिन बंद, सलाइन, क्रिएटिनिनवर डोळा, वाचला. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. अशा औषधाबरोबर ॲटोरव्हास्टॅटिन २० च्या वर नको, नाहीतर तेवढे दिवस थांबवा आणि पुन्हा सुरू करायची तारीख चिठ्ठीवर लिहा. ट्रायग्लिसराइड उतरवणारं जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर मुळीच देऊ नका.

रक्तस्रावाचा लकवा ज्याला झाला, त्याचं गणित वेगळं. स्पार्कलमध्येच गोळीवाल्यांत मेंदूत रक्तस्राव झालेले ५५ होते, बिनगोळीच्या गटात ३३. नुसत्या लिपिडच्या आकड्यासाठी अशा माणसाला मी स्टॅटिन सुरू करत नाही. हृदयात स्टेंट असेल तर एकट्यानं ठरवत नाही, न्यूरॉलॉजिस्टला फोन लावते. आणि लकवा गाठीचा असो की रक्तस्रावाचा, बीपी दोघांचंही आधी.

डिस्चार्जच्या दिवशी मी पेशंटच्या सुनेला किंवा मुलाला, जो गोळ्या देणार त्याला, समोर बसवते. सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावते आणि विचारते, ‘ह्यातली २१ दिवसांनी बंद कुठली करायची?’ हात ॲटोरव्हास्टॅटिनच्या पाकिटाकडे गेला की डिस्चार्ज कार्डावरची सही थांबते, चहा मागवला जातो आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो.