लंगोटावरचं कव्हर: लेकराच्या मापाचं कसं निवडावं

लंगोटावरचं कव्हर, म्हणजे ओल अडवणारी वरची चड्डी, गळायला लागलं की घरातला पहिला शेरा ठरलेला: "माल हलका निघाला." खरं तर कव्हरच्या कापडातून पाणी आरपार झिरपल्याचं क्वचितच होतं. ओल बाहेर येते ती मांडीशी राहिलेल्या फटीतून, पाठीकडच्या कमरेतून, नाहीतर आतल्या लंगोटाचं टोक बाहेर डोकावत असतं तिथून. म्हणून मोबाइलवर कव्हर बघताना त्यावरचे हत्ती-ससे नंतर बघा, आधी लेकराच्या मांड्या बघा.

१. आत काय घालणार, ते आधी ठरवा

आपल्याकडे घरोघरी तीन प्रकार चालतात. बाळंतविड्यात आलेले बंदाचे त्रिकोणी लंगोट. आजीने जुन्या धोतराचे नाहीतर सुती लुगड्याचे फाडून ठेवलेले चौकोनी तुकडे. आणि अलीकडे ऑनलाइन मिळणारे, मांडीला इलॅस्टिक शिवलेले जाड लंगोट.

बंदाचा त्रिकोणी लंगोट पातळ असतो, एका शूला भिजून जातो. त्यावर कव्हर घालायचं तर मधोमध सुती कापडाची एक घडी जास्तीची ठेवावी लागते, आणि बंदाची गाठ बाजूला घ्यावी लागते. नाहीतर ती कव्हरखाली पोटाला रुतते. धोतराच्या तुकड्याची तीन-चार पदरी लांबट घडी करून ती कव्हरमध्ये नुसती ठेवता येते, बांधायची गरजच नाही. मात्र त्यासाठी कव्हरला पुढे-मागे आतून एकेक पट्टी हवी. घडीची टोकं त्या पट्टीखाली सरकवली की ती जागची हलत नाही. इलॅस्टिकचे जाड लंगोट फुगीर असतात, त्यांच्यावर एक माप मोठं कव्हर लागतं. आतलं न ठरवता कव्हर मागवलं की मग ते एक तर चढत नाही, नाहीतर लोंबत राहतं.

२. माप लंगोट घातलेल्या लेकराचं घ्या

शिवणकामाची टेप घ्या आणि लंगोट बांधल्यावर, त्यावरूनच तीन मापं लिहून ठेवा: बेंबीच्या खालून कमरेचा घेर, मांडी जांघेला मिळते तिथला मांडीचा घेर, आणि बेंबीच्या खालपासून दोन्ही पायांच्या मधून मागे कमरेपर्यंतची लांबी. हे तिसरं माप बहुतेकजण विसरतात, आणि कव्हर मागून घसरतं ते त्याचमुळे.

पाकिटावर बहुधा फक्त वजन छापलेलं असतं. वजन तुमच्याकडे लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेलं सापडेल, नसेल तर अंगणवाडीत करून मिळतं. पण नुसत्या वजनावर जाऊ नका. सहा किलोचं एक लेकरू लांबट, काटक्या पायांचं असतं, तर दुसऱ्याच्या मांडीला दोन-दोन वळ्या असतात. एकच कव्हर दोघांना बसणार नाही.

"जन्मापासून तीन वर्षांपर्यंत एकच माप" असं लिहिलेली कव्हरं मिळतात. त्यांच्या पुढच्या भागावर टिचबटणांच्या ओळी असतात. बटणं लावली की कव्हरची उंची कमी होते. कल्पना चांगली, पैसे वाचवणारीही. पण अडीच-तीन किलोच्या तान्ह्या बाळाला सगळी बटणं लावूनसुद्धा मांडीशी फट राहते. चार-साडेचार किलोंपासून पुढे ती नीट बसू लागतात. तोवर लहान मापाची दोन-तीन कव्हरं पुरे. बाळाचं वजन साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं, त्यामुळे तान्ह्या मापावर जास्त खर्च करण्यात अर्थ नाही. जावेच्या नाहीतर नणंदेच्या घरचं वापरलेलं मिळालं तर बिनधास्त घ्या, फक्त इलॅस्टिक ताणून बघा. ताणून सोडल्यावर चटकन जागेवर आलं नाही, तर ते कव्हर नको.

तान्ह्याची नाळ गळून पडायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर कव्हरची पुढची कड नाळेच्या खाली राहिली पाहिजे. पुढे बटणं नसलेलं, कड दुमडता येईल असं कव्हर या दिवसांत सोयीचं.

३. कापड: आपल्या उन्हाळ्याला सोसेल असं

बाजारात स्वस्तात मिळणारी साध्या प्लास्टिकची चड्डी पाणी अडवते, पण वाफही अडवते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असताना ती तासाभरात लेकराचं बूड शिजवते. ती घेऊच नका. घरात मेणकापड असेल तर ते अंथरायच्या कामी ठेवा, त्याची चड्डी शिवू नका.

सध्याची बरीच कव्हरं पीयूएल नावाच्या कापडाची असतात: वर पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. पाणी अडतं, थोडी वाफ बाहेर जाते. याचाच भाऊबंद टीपीयू. त्यात पापुद्रा उष्णतेने चिकटवतात, आणि ते जरा मऊ असतं. लोकरीचीही कव्हरं असतात आणि ती हवा छान खेळवतात, पण त्यांना लॅनोलिन (लोकरीतलंच मेणासारखं तेल) लावणं, हाताने हळुवार धुणं हे सोपस्कार लागतात. आपल्याकडच्या हवेत आणि कामाच्या धबडग्यात मी तरी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

कापड मीटरवर आणून गावातल्या शिंप्याकडून कव्हर शिवून घेता येतं. शिंप्याला दोनच गोष्टी बजावून सांगा: धागा पॉलिएस्टरचा, सुती नको, कारण सुती धागा वातीचं काम करतो, आणि कापडाला टाचण्या नकोत, चिमटे लावा. बुडाच्या भागात टाचणीचं एक भोक पडलं तरी तिथून ओल येते.

४. हातात घेऊन काय बघायचं

आधी कव्हर उलटं करा. मांडीच्या कडेला आतून आणखी एक छोटी इलॅस्टिकची झालर शिवलेली आहे का? अशी दुहेरी झालर पातळ शी अडवते, अंगावर पिणाऱ्या लेकराला ती हवीच. मग बुडाच्या भागात शिवण किंवा लेबल टाचलेलं नाही ना, ते बघा. कडांना सुती पट्टी लावलेली असेल तर ते कव्हर ठेवून द्या: पट्टी आतून भिजते आणि ओल झबल्यापर्यंत नेते.

टिचबटण की वेल्क्रो? वेल्क्रोने तान्ह्या बाळाला हवं तेवढं घट्ट-सैल करता येतं. पण आठ महिन्यांचं लेकरू ते ओढून काढतं, आणि धुण्यात त्यात सगळ्या घरादाराचे धागे-केस अडकतात. टिचबटणं टिकतात. रांगायला लागल्यावर टिचबटणंच.

५. घालून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लेकराला पाठीवर झोपवा, कव्हरची मागची कड कमरेच्या घळीपर्यंत सरकवा, पुढचा भाग वर आणा. आता बटणं लावायच्या आधी दोन्ही बोटांनी मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसवा. ते आपल्या चड्डीच्या कडेसारखं जांघेत बसायला हवं, मांडीवर खाली उतरलेलं नको. मांडीवर उतरलं की पाय हलवताना प्रत्येक वेळी फट उघडते.

मग कमरेचं बटण. पोट भरलेलं असताना कड आणि पोट यांच्यात दोन बोटं सहज जावीत. दूध पिण्याआधी मोजून घट्ट लावलं तर पिऊन झाल्यावर कडेचा वळ उठतो. दोन्ही बाजूंना एकाच खणातलं बटण लावलंय ना, तेही बघा. वाकडं लागलं की एका मांडीला फट राहते.

आता बोट कडेने फिरवा. आतल्या सुती कापडाचा सुताएवढाही भाग बाहेर लागला तर आत खोचा. गळतीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

लेकराचे गुडघे वाकून पाय बेडकासारखे बाजूला पसरले पाहिजेत. कव्हरमुळे पाय सरळ ओढले जात असतील किंवा एकमेकांकडे येत असतील, तर ते लहान पडतंय. काढल्यावर मांडीवर इलॅस्टिकची फिकट रेघ दिसली तर चिंता नको, थोड्या वेळात जाते. लाल, खोल आणि बराच वेळ टिकणारा वळ मात्र माप बदलायला सांगतो.

झोळीत झोपणाऱ्या लेकराची गोष्ट थोडी वेगळी. झोळीत ते कमरेत वाकतं, वजन बुडावर येतं आणि ओल पाठीकडून वर चढते. त्याला मागची कड उंच आणि इलॅस्टिकची असलेलं कव्हर घ्या, आणि घडीचा जाड भाग मागच्या बाजूला ठेवा. लेकरू मुलगा असेल तर एरवी तो पुढे लागतो.

६. तरीही गळतंय?

ओल कुठे आहे ते आधी बघा. एकाच मांडीला असेल तर बसवण्यात चूक. पाठीला असेल तर कव्हर आखूड. चहूबाजूंनी असेल तर आतलं कापड तुडुंब झालंय. दोन-अडीच तासांनी बदला, रात्री एक घडी वाढवा.

आतलं कापडच पाणी पीत नसेल तर? आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. साबणाची वडी वापरली की क्षारांबरोबर साका तयार होतो, तो कापडात बसतो आणि लंगोट पापडागत ताठ होतो. वाळलेल्या लंगोटावर पाण्याचे थेंब टाकून बघा: ते वरच तरंगले तर दोष कव्हरचा नाही. वडीऐवजी पावडर वापरा, लंगोट गरम पाण्यातून दोनदा खळबळून काढा. मालिशच्या तेलानेही हेच होतं, शिवाय तेलाने रबर ढिलं पडतं. म्हणून मालिश, अंघोळ, अंग नीट पुसणं आणि मगच कव्हर. अंघोळीनंतर ओव्याची धुरी नाहीतर शेक द्यायची रीत तुमच्याकडे असेल, तर त्या वेळी कव्हर अंगावर नको. ते कृत्रिम कापड आहे, शेगडीजवळ वितळतं.

७. किती घ्यायची आणि कशी धुवायची

दिवसभर कापडीच वापरणार असाल तर पाच-सहा कव्हरं आणि वीसेक लंगोट. नुसती शू झाली असेल तर कव्हर आतून ओल्या फडक्याने पुसून वाळत टाका आणि दुसरं घाला. शी लागली तरच धुवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरच्या लोकांना बादलीचा हिशोब शिकवायला नको. पण टँकरच्या दिवसांत कव्हरने धुण्यातल्या गोधड्या आणि दुपटी कमी होतात, हे बायका एकमेकींना सांगतात ते खरंच आहे.

कव्हर कोमट पाण्यात, साध्या पावडरीने धुवा. उकळू नका, ब्लीच नको, इस्त्री नको, कापड मऊ करणारं सुगंधी द्रवही नको. लंगोट कडक उन्हात टाका, कव्हर सावलीत. आपल्या उन्हाने पापुद्रा आणि रबर दोन्ही लवकर मरतात.

उन्हाळ्याच्या दुपारी घरात असाल तर कव्हर काढूनच ठेवा. खाली मेणकापड, त्यावर दुपटं, लेकराला नुसता लंगोट. कव्हर रात्रीला, पाहुण्यांकडे, एसटीच्या प्रवासात. बुडाला पुरळ उठलं तर दोन दिवस पूर्ण मोकळं ठेवा. तरी कमी झालं नाही किंवा फोड दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

महिन्यातून एकदा कव्हर उजेडासमोर धरून बघत जा. आतला पापुद्रा सुटून फुगे दिसू लागले, किंवा घडीवर बारीक चिरा पडल्या, की ते दुरुस्त होत नाही. ते टाकून द्या, आणि नवीन मागवण्याआधी मांडीचं माप पुन्हा घ्या.