रोज धावायला कुशनचा बूट घेताना: आधी माप, मग तोल, मऊपणा शेवटी

दुकानात बूट हातात आला की आपसूक आत हात जातो, अंगठ्याने तळ दाबून पाहिला जातो आणि मऊ लागला की तोच आवडतो. पण अंगठ्याला लागतो तो वरचा इनसोल, जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीचा. धावताना पाऊल सांभाळतो तो त्याखालचा मिडसोल, म्हणजे फोमचा जाड थर, आणि तो कसा आहे हे अंगाचं वजन टाकून धावल्याशिवाय कळत नाही. मापात चुकलेला बूट कितीही मऊ असला तरी नख काळं करतोच, म्हणून सुरुवात मापापासून करा.

माप घरीच घ्या, संध्याकाळी. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं, धावतानाही फुगतं. भिंतीला चिकटवून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन ताठ उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे घरातल्या कुणाला तरी खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली की वजन सरकतं आणि माप चुकतं. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं, ते विसरू नका. दोन्ही पावलं मोजा आणि मोठ्याचं माप धरा.

नंबरावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे बूट यूके नंबरने विकले जातात, पण पुरुषांचा यूके ८ नायकीच्या डब्यावर २७ सेमी असतो आणि आदिदासच्या डब्यावर २६.५. एक पूर्ण नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, म्हणजे हा फरक अर्ध्या नंबराहून जास्त झाला. दुकानात इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि धावायचे मोजे घालून त्यावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा उरली पाहिजे, आणि करंगळी किंवा चवड्याची कड इनसोलबाहेर सांडता कामा नये. सांडत असेल तर नंबर वाढवून उपयोग नाही. लांबी वाढते, टाच सैल होते आणि पाऊल आत पुढे-मागे घसरतं. अशा वेळी त्याच मॉडेलचा रुंद बूट मागा. पुरुषांच्या बुटात नेहमीची रुंदी डी, रुंद म्हणजे टू-ई. बायकांच्या बुटात नेहमीची बी, रुंद म्हणजे डी. रुंद चवड्याच्या बाईने पुरुषांचा बूट घालून पाहायला काहीच हरकत नाही.

आता तोल. आपल्याकडे याचं महत्त्व जरा जास्तच आहे. ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारा, उपवनला जा, नवी मुंबईत पाम बीच रस्ता धरा किंवा खारघरच्या सेंट्रल पार्ककडे वळा, घरापासून तिथवर जाताना कुठे ना कुठे वर-खाली झालेले पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं आणि खोदून बुजवलेला पट्टा लागतोच. टाचेखाली ४० मिमीच्या आसपास थर, त्यात फोम लोण्यासारखा मऊ आणि तळ अरुंद, असा बूट सपाट ट्रॅकवर सुखाचा वाटतो; पण ब्लॉकच्या कडेवर पाय पडला की फोम एका बाजूने दबतो आणि घोटा कलतो. रोजच्या वापराला टाचेखाली ३२ ते ३८ मिमी, तळ रुंद आणि टाचेमागचा कप घट्ट असा बूट बरा. टाचेचा कप दोन बोटांनी चिमटून बघा. तो सहज चेपला जात असेल तर टाच धरून ठेवणार नाही.

घेण्याआधी बूट काउंटरवर ठेवा, डोळे काउंटरच्या पातळीला आणा आणि मागून पाहा. टाचेची मधली शिवण सरळ उभी दिसली पाहिजे. नवाच बूट आत किंवा बाहेर झुकलेला असेल तर तो जोड बाजूला ठेवून दुसरा मागा. कारखान्यात चिकटवताना असा कल राहू शकतो. मग दोन्ही बूट घालून आरशासमोर एका पायावर उभे राहा आणि गुडघा थोडा वाकवा. घोटा सारखा थरथरत असेल तर तो फोम तुम्हाला फार मऊ आहे. शेवटी दोन-तीन मिनिटं खरंच धावा, चालून समाधान मानू नका. विक्रेता कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

ओल्या पावलाच्या ठशावरून कमान किती उंच ते बघून बूट ठरवण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. पण अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांना पावलाच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिलं, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. जो बूट धावताना कुठेच टोचत नाही आणि ज्याची आठवणही येत नाही, तो घ्या.

मिडसोलच्या फोमचे प्रकार थोडक्यात असे: ईव्हीए स्वस्त आणि हलका, पण दबून लवकर निबर होतो. टीपीयू जड, टिकाऊ. पीबा सर्वांत हलका आणि उसळीचा, पण महाग; तो शर्यतीच्या बुटांत जास्त दिसतो, रोजच्या रपेटीला त्याची गरज नाही. ईव्हीए उन्हात मऊ पडतो आणि गारव्यात कडक होतो, त्यामुळे एसी दुकानात थोडा टणक वाटलेला बूट मे महिन्यात बाहेर मऊच लागेल.

ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, जरूर विचारा. ८ ते १० मिमी बहुतेकांना मानवतो. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, जास्त झाला की गुडघ्याकडे सरकतो. जुना बूट १० चा आणि नवा ५ चा असेल तर पहिले तीन-चार आठवडे दोन्ही आलटून-पालटून वापरा. आणि नाव तेच असलं तरी बूट तोच असेल असं धरू नका: होका कंपनीच्या क्लिफ्टन ९ चा ड्रॉप ५ मिमी होता, क्लिफ्टन १० चा ८ मिमी आहे. जुनं मॉडेल आवडलं म्हणून नवं न घालता मागवलं की इथेच फसायला होतं.

सेलमधला मागच्या वर्षीचा बूट जरूर घ्या, फक्त डब्यावरच्या एमआरपीच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. आपल्या दमट हवेत गोदामात पडून राहिलेल्या बुटाचा गोंद आधी जातो. दोन वर्षांहून जुना जोड नको. चवड्यापाशी बूट वाकवून रबर आणि फोमच्या सांध्यात फट दिसते का, तेही पाहा.

पावसाचा विचार खरेदीच्या वेळीच करा. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी तर भर पावसातच चालते. तळाला टाच आणि चवड्याखाली रबर हवं. नुसता उघडा फोम ओल्या लादीवर घसरतो आणि लवकर झिजतो. शेवाळावर मात्र कुठलंच रबर धरत नाही, तिथे वाट बदला. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका: पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. पातळ जाळीचा बूट भिजतो, पण निथळतोही. भिजल्यावर इनसोल काढा, लेस सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक ऊन, हेअर ड्रायर, गाडीची डिकी यांनी गोंद सुटतो आणि फोम आकसतो. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात दोन जोड असलेले बरे.

नवा बूट टाचेत किंचित सैल वाटला तर परत करण्याआधी लेसची गाठ बदला. सर्वांत वर, थोडं मागे, एक जादा भोक असतं आणि बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे कडेला छोटा फास तयार होईल. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. आता उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओवा, दोन्ही टोकं खाली आणि मागे ओढा, मग नेहमीची गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवड्यावर दाब येत नाही. धावताना बोटं बधिर होत असतील तर उलट करा: चवड्याजवळच्या दोन ओळी सैल ठेवा.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो. आठवड्याला चार दिवस पाच-पाच किलोमीटर धावलात तर ६०० किलोमीटर सात महिन्यांत होतात. पहिल्याच दिवशी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवा. मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या, बूट मागून झुकलेला दिसू लागला किंवा अंतर न वाढवता नडगी-गुडघा कुरकुरू लागला, तर तारीख काहीही असो, तो जोड भाजी आणायला ठेवा आणि धावायला नवा घ्या.