या चुका टाळा: युरोपात शेजारदेशांत रेल्वेनं फिरताना कुटुंबाचे पैसे कुठे गळतात

तेरा वर्षांचा मुलगा आईबाबांबरोबर जर्मनीत आयसीई या वेगवान गाडीनं फुकट फिरतो. तोच मुलगा स्वित्झर्लंडमध्ये अर्ध्या तिकिटाचा होतो, नेदरलँड्समध्ये पुऱ्या तिकिटाचा. लक्झेंबर्गमध्ये तर घरातल्या कुणालाच तिकीट लागत नाही. मुलगा तोच, सामान तेच, बदलली फक्त सीमा. शेजारशेजारच्या देशांची सहल आखताना बहुतेक कुटुंबं प्रवाशांचा आकडा 'चार' असा धरतात आणि चार गुणिले भाडं असा हिशेब करतात. पैसे गळायला सुरुवात तिथूनच होते.

मुलांचं वय ढोबळ सांगणं

आपल्याकडे 'पंधरावं लागलं' म्हणायची सवय असते. युरोपातल्या रेल्वेला लागलेलं वय चालत नाही, पूर्ण झालेलं लागतं. जर्मनीतली '६ ते १४' ही सवलत पंधराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत चालते. म्हणजे पंधरावं लागलेलं मूल अजून फुकटात बसतं आणि त्याचं 'पंधरा' वय भरणारे पालक विनाकारण पूर्ण भाडं देतात.

देशागणिक वयाची रेघ हलते. जर्मनीत सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही. सहा ते चौदा वयाची मुलं पंधरा किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीबरोबर फुकट जातात. ती व्यक्ती आई-वडीलच असायला हवी असं नाही, आजी-आजोबा, मामा, मोठी बहीण, कुणीही चालतं. मात्र तिकीट काढतानाच ही मुलं त्यावर नोंदवावी लागतात. 'फुकटच आहे, मग लिहायचं कशाला' ही इथली सगळ्यात महाग चूक. नोंद नसलेलं मूल तिकीट तपासनिसाच्या लेखी विनातिकीट असतं आणि घेतलेल्या तिकिटात नंतर त्याची भर घालता येत नाही.

ऑस्ट्रियात सहा ते चौदा अर्धं तिकीट. बेल्जियममध्ये बाराव्या वाढदिवसापर्यंत मोठ्यांबरोबर फुकट. नेदरलँड्समध्ये चार ते अकरा वयाच्या मुलांसाठी स्वस्त वेगळं तिकीट असतं आणि बारा पूर्ण झाले की मूल मोठ्यांत जमा.

स्वित्झर्लंडमध्ये सहा ते सोळाव्या वाढदिवसापर्यंत अर्धं भाडं. परदेशी पाहुण्यांनी स्विस ट्रॅव्हल पास घेतला, तर मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मोफत मिळतं आणि अर्धं भाडंही वाचतं. ते पास घेतानाच मागून घ्यायचं असतं. शिवाय प्रवासात आई किंवा वडील बरोबर हवेत. आईबाबा इंटरलाकेनला थांबले आणि नातवंडं आजोबांबरोबर लुत्सेर्नला निघाली, तर ते कार्ड कामाचं नाही.

'मुलं फुकट' वाचून पास घेणं

एकाच पासावर अनेक देशांत रेल्वेनं फिरायची सोय दोन नावांनी मिळते: भारतातून जाणाऱ्यांसाठी युरेल पास, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे पासपोर्टचा रंग बघत नाहीत, राहण्याचं ठिकाण बघतात. म्युनिकमध्ये नोकरी करणारी मुलगी इंटररेल घेईल, तिला भेटायला आलेले आईवडील युरेल. दोन्हींत ४ ते ११ वयाची दोन मुलं एका मोठ्या पासावर मोफत जातात. पण मोफत म्हणजे आपोआप नव्हे: मुलाचा शून्य किमतीचा पास मोठ्यांच्या पासाबरोबरच मागवावा लागतो.

जर्मनीत मूल चौदापर्यंत आणि बेल्जियममध्ये अकरापर्यंत असंही फुकटच जातं. तिथे पासातल्या 'मुलं फुकट'ची किंमत जवळपास शून्य. ही सवलत खरी कामाला येते ती स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियासारख्या देशांत, जिथे मुलाचं अर्धं भाडं वाचतं.

त्यावर आरक्षणाचा खर्च येतो. पास म्हणजे सगळ्या गाड्यांत बसायचा हक्क, असा समज असतो. प्रत्यक्षात युरोस्टार, फ्रान्समधल्या तेजेवे (टीजीव्ही), इटलीतल्या फ्रेच्चारोसा या गाड्यांत पास असूनही वेगळं आरक्षण सक्तीचं आहे. युरोस्टारला ते माणशी ३० युरोंच्या घरात जातं आणि मोफत पासवाल्या मुलालाही द्यावं लागतं. चौघांचे एका बाजूचे सुमारे १२० युरो. शिवाय पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्याच असतात आणि त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी उपयोग नाही.

हिशेबाची रीत सोपी आहे. पासची किंमत भागिले प्रवासाचे दिवस. आलेल्या आकड्यात त्या दिवसाचं सक्तीचं आरक्षण मिळवायचं आणि त्याच दिवसाच्या, आधी काढलेल्या साध्या तिकिटाशी, मुलांची वयं भरून, ताडून बघायचं. दिवसाला दीड-दोन तासांचाच प्रवास असेल (कोलोन ते ब्रसेल्स, ब्रसेल्स ते ॲमस्टरडॅम) तर पास क्वचितच परवडतो. लांब पल्ले, शेवटच्या क्षणी बदलणारे बेत आणि आरक्षण नको असणारे देश, हे तीन जुळले तरच पास घ्यावा.

एकाच दुकानात भाव विचारणं

म्युनिक ते व्हिएन्ना धावणारी रेलजेट जर्मन रेल्वेही विकते आणि ऑस्ट्रियन रेल्वेही. गाडी एक, दुकानं दोन, भाव दोन. बर्लिन-प्राग मार्गावरही चेक रेल्वेच्या साइटवर अनेकदा कमी भाव दिसतो. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी दोन्ही बाजूंच्या रेल्वेच्या साइट उघडाव्यात आणि शोधतानाच मुलं भरावीत. आधी दोन मोठ्यांचा भाव बघून 'मुलं नंतर घालू' केलं, की तुलना फसते.

सीमेवरची काही स्थानकंही ओळखून ठेवा. बायर्न-तिकीट हे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या लोकल आणि रिजनल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच वापरता येतं. ८:५५च्या गाडीत ते दाखवणं म्हणजे विनातिकीट. बाझेल बाडिशर बानहोफ हे स्टेशन स्वित्झर्लंडच्या भूमीवर असूनही तिथपर्यंत जर्मन तिकीट लागू आहे. आणि लक्झेंबर्गमध्ये १ मार्च २०२० पासून रेल्वेचा दुसरा वर्ग, ट्राम आणि बस सगळ्यांना मोफत आहे, पर्यटकांनाही. बेल्जियम किंवा जर्मनीतून जाताना तिकीट फक्त सीमेपर्यंतचं लागतं. उत्साहाच्या भरात पहिल्या वर्गात शिरू नका. तिथे पैसे पडतात.

देशभर चालणाऱ्या जर्मनीच्या मासिक डॉइचलांड-तिकिटाबद्दल तीन इशारे. ते लोकल आणि रिजनल गाड्यांनाच चालतं, आयसीईला नाही. आणि आयसीईत फुकट जाणाऱ्या सहा वर्षांवरच्या मुलाला इथे स्वतःचं वेगळं तिकीट लागतं. हे तिकीट म्हणजे दरमहा आपोआप नूतन होणारी वर्गणी आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर तुम्ही नाशकात परतलात तरी पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

व्हिसाआधी सर्वांत स्वस्त तिकीट

जर्मनीतलं सुपर स्पारप्राइस हे सर्वांत स्वस्त तिकीट रद्द करता येत नाही. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि व्हिसा हातात नसताना असं तिकीट घेणं म्हणजे जुगार. त्याच्या वरचं स्पारप्राइस थोडं महाग असतं, पण शुल्क कापून रद्द होतं. व्हिसा येईपर्यंत तेच घ्यावं.

या आखणीत लंडन घुसवलं की गणित बदलतं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे वेगळा व्हिसा लागतो. शिवाय पॅरिसहून लंडन करून परत पॅरिसला येणार असाल, तर शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असून चालत नाही.

भारतीय कार्डवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते निघण्याआधी सुरू करावेत आणि ओटीपी येणारं सिम परदेशात चालू राहील असं बघावं. फलाटावर उभं राहून हे सुधारत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी आणखी एक. ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा स्वर्गारोहणाचा गुरुवार जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या सगळ्या देशांत सुट्टीचा. २०२६ साली तो १४ मे, २०२७ साली ६ मे. शुक्रवारची रजा टाकून लोक चार दिवस बाहेर पडतात. त्या बुधवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी लांबचा प्रवास ठेवू नये.

जर्मनीत जागा न ठेवणं, किंवा चुकीच्या डब्यात शिरणं

आयसीईचं तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क, जागेचा नव्हे. जागेचं आरक्षण वेगळं. आधी पाच जणांपर्यंतच्या कुटुंबासाठी एकच एकत्रित आरक्षण मिळायचं. १५ जून २०२५ पासून ते बंद झालं. आता दुसऱ्या वर्गात प्रत्येक जागेला ५.५० युरो, म्हणजे चौघांना २२ युरो. जुन्या माहितीवर विसंबलेले इथे चकतात. मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराच्या गाडीला हा खर्च टाळता येतो. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी टाळू नये. तान्हं मूल असेल तर 'क्लाइनकिंडआबटाइल' हा छोटा बंद कप्पा मागावा. तिथे बाबागाडीला जागा असते.

आता फलाटावर. आरक्षणावर डबा क्रमांक २४ लिहिलाय. फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि तुमचा डबा कुठल्या भागात येईल ते सूचनाफलकावर दिसतं. कुटुंब सामानासह 'बी'मध्ये उभं. गाडी यायला तीन मिनिटं असताना घोषणा होते: 'हॉयटे इन उमगेकेर्टर वागनराइउंग', म्हणजे आज डबे उलट्या क्रमानं. तुमचा डबा आता दुसऱ्या टोकाला, दोनेकशे मीटरवर. अशा वेळी पळत सुटू नका. समोर येईल त्या दारातून आत शिरा आणि आतून चालत जा.

पण आधी एक खात्री करा. अनेक आयसीई दोन गाड्या जोडून धावतात, एकीचे डबे विसाच्या मालिकेत, दुसरीचे तिसाच्या. दोन्हींमधून आतून वाट नाही. त्यातून काही वेळा वाटेत जोड सुटून त्या दोन दिशांना जातात. तुमचा डबा २४ असेल आणि तुम्ही ३४ मध्ये चढलात, तर पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरून बदलावं लागेल. झोपलात तर भलत्याच शहरात पोचाल. डब्याच्या दाराशेजारच्या पाटीवरचं अंतिम स्थानक वाचूनच चढावं. आणखी एक: राखीव जागेवर गाडी सुटल्यापासून १५ मिनिटांत कुणी बसलं नाही, तर तिच्यावरचा हक्क जातो. आधी जागा धरा, बॅगा मग लावा.

स्टेशनाचं नाव एकच समजणं

बेल्जियममध्ये भाषेची सीमा ओलांडली की गावाचं नाव बदलतं. फ्रेंचमधलं लीएज डच फलकावर लुइक होतं आणि जर्मनीत ल्युटिख. मॉन्सचं बेर्खन, फ्रान्समधल्या लीलचं रायसल. ब्रसेल्समध्ये युरोस्टार थांबते ते मिदी स्टेशन, त्याचंच डच नाव झाउद, सेंट्रल वेगळं. पॅरिसमध्ये ब्रसेल्सकडून येणारे गार द्यु नॉरला उतरतात आणि स्वित्झर्लंडला जाणारी गाडी गार द लियोंवरून सुटते. दोन स्टेशनांमध्ये मुलं-सामान घेऊन जायला किमान तास-दीड तास ठेवावा, कारण तेजेवेची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात.

नेदरलँड्समध्ये बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करता येतो, पण एक कार्ड म्हणजे एक माणूस. आईच्या कार्डावर मुलगी जात नाही. उतरताना त्याच कंपनीच्या खांबाला कार्ड परत टेकवावं लागतं. विसरलात तर जादा रक्कम कापली जाते.

गाडी बदलायला सहा मिनिटं

स्वित्झर्लंडमध्ये सहा मिनिटं पुरतात. जर्मनीत नाही. २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर वेळेवरच धरतात. शोधताना गाडी बदलण्याचा किमान वेळ वाढवायची सोय साइटवर असते. मुलं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर तिथे ३० मिनिटं टाकावीत.

गाडी चुकलीच तर तिकीट कसं काढलंय यावर सगळं अवलंबून. कोलोन ते बर्न असं एकाच खरेदीतलं सलग तिकीट असेल, तर पुढची सोय रेल्वेनं करायची असते. बाझेलपर्यंत एक आणि पुढे दुसरं असं वेगळं काढलं असेल, तर दुसरं तिकीट वाया जाऊ शकतं. तुकडे करून वाचलेले आठ-दहा युरो इथे चौपटीनं जातात.

जर्मन तिकिटावर मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की ठरावीक गाडीचं बंधन सुटतं. ॲपमध्ये 'झुगबिंडुंग आउफगेहोबेन' अशी सूचना येते. तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि पुढच्या गाडीत बसा; नवं तिकीट काढू नका. मात्र आरक्षण सक्तीच्या गाडीत असं थेट चढता येत नाही, खिडकीवर जावं लागतं.

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ६० ते ११९ मिनिटं उशिराला भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांपासून ५० टक्के भरपाई मिळते. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. भरपाई मोजतात ती दिलेल्या भाड्यावर, त्यामुळे फुकट आलेल्या मुलांचं काही मिळत नाही, आणि ४ युरोंहून कमी रक्कम रेल्वे देत नाही.