मीठ विरघळत नाही? आधी ढवळा
तळाशी मीठ उरलं की आपण लगेच पाणी तापवायला घेतो. साखरेसाठी ते ठीक आहे: 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात दुपटीहून जास्त. मिठाचं तसं नाही. साध्या पाण्यात 36 ग्रॅम, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. तापवल्याने ते लवकर विरघळतं खरं, पण फारसं जास्त मावत नाही. त्यापेक्षा मीठ बारीक करा आणि ढवळत राहा. कणांभोवतीचं खारट पाणी बाजूला सरून तिथे ताजं पाणी पोचतं, आणि खरा फरक त्यानेच पडतो. भरपूर ढवळूनही खडे उरलेच, तर द्रावण संपृक्त झालंय, म्हणजे त्यात आणखी मीठ मावत नाही. थोडं पाणी वाढवा.