ऑनलाइन मानक-बैठकांचे शुल्क : निर्णयाचा अधिकार कसा वाटावा

मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑनलाइन बैठकीला शुल्क लावण्याचा विचार सुरू केला, की चर्चा लगेच रकमेवर येते. रक्कम तूर्त बाजूला ठेवावी आणि समोरचा प्रश्न पैशाचा आहे की प्रवेशाचा, हे आधी तपासावे. ही दोन्ही उत्तरे एकाच मंडळाने परस्पर दिली, तर वाद हटकून होतो.

इंटरनेटची मानके घडवणाऱ्या आयईटीएफमध्ये दूरस्थ सहभाग पूर्वी विनाशुल्क असे. व्हँकुव्हरची १०७वी बैठक मार्च २०२० मध्ये ऐनवेळी ऑनलाइन घ्यावी लागली, तेव्हाही शुल्क नव्हते. जुलैमध्ये माद्रिदला ठरलेली १०८वी बैठक मात्र ऑनलाइन होताना सशुल्क झाली. प्रत्यक्ष बैठकांच्या शुल्कावर संस्थेचा वर्षभराचा बराच खर्च चालत असल्याने आर्थिक जबाबदारी सांभाळणाऱ्या आयईटीएफ एलएलसीला उत्पन्नाची चिंता वाटणे रास्तच होते. पण जिथे कोणीही येऊन मत मांडू शकते, हाच जिथल्या कामाचा पाया, तिथे दारावर तिकीट बसवणे ही निव्वळ हिशेबाची बाब राहत नाही.

म्हणून तत्त्व सहभागींच्या समुदायाने, नेहमीच्या खुल्या सहमतीच्या प्रक्रियेने ठरवावे आणि लिहून ठेवावे. आयईटीएफने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ९५०१ या अधिकृत दस्तऐवजात तेच केले : दूरस्थ सहभागाचा एक विनाशुल्क पर्याय प्रत्येक बैठकीत असलाच पाहिजे. (यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला, सहमती स्वस्त नसते.) या चौकटीत रक्कम, सवलती आणि मुदती ठरवण्याचे काम निःशंकपणे आर्थिक मंडळाकडे सोपवावे, कारण प्रत्येक आकड्यावर शेकडो जणांची सहमती घेत बसलो तर नोंदणी कधीच सुरू होणार नाही. मंडळाने मात्र हिशेब उघड ठेवावा.

शुल्कमाफीचा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण खरी परीक्षा तिथेच होते. माफी मागणाऱ्याला उत्पन्नाचे पुरावे किंवा कारणे विचारू नयेत, आणि माफीच्या जागा मर्यादित ठेवायच्या असतील, तर ती मर्यादा मंडळाने गुपचूप न घालता समुदायापुढे मांडावी, कारण ती घालताच प्रश्न पुन्हा प्रवेशाचा होतो. आणीबाणीत मंडळाला एकट्याने निर्णय घ्यावाच लागला, तर तो त्या एकाच बैठकीपुरता असल्याचे घोषणेतच नमूद करावे.